रूपांतरकाचा मोह आणि माळ्यावरच्या फिती

मुंबई-पुण्याच्या सुखवस्तू दिवाणखान्यात एके काळी रेडिओग्रामला जो मान होता, तो आता एका चपट्या, अबोल धातूच्या पेटीकडे जाऊ लागला आहे. या पेटीला बाजारात स्ट्रीमर म्हणतात. इंटरनेटवरून अथवा घरच्या संगणकावरून येणारे संगीत ती अंकांच्या रूपाने स्वीकारते. तिच्या पोटात किंवा शेजारी बसविलेला रूपांतरक, ज्याला दर्दी मंडळी डॅक या आद्याक्षरी नावाने ओळखतात, त्या अंकांच्या विद्युत्-लहरी करून ॲम्प्लिफायरकडे पाठवितो. काम एवढेच, परंतु या एवढ्या कामासाठी दहा-पंधरा हजारांपासून पन्नास लाखांच्याही पुढे किंमत मोजावी लागेल अशी यंत्रे दुकानांत मांडलेली आहेत, आणि निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या रकमेतला भाग या पेटीसाठी काढून ठेवणारे रसिक आता दुर्मिळ राहिलेले नाहीत. बहुधा त्याच घराच्या माळ्यावर जुन्या कॅसेटींचे एक खोके असते. पेटी निवडण्याचा प्रश्न आणि त्या खोक्याचा प्रश्न हे परस्परांशी किती घट्ट बांधलेले आहेत, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात आलेले दिसत नाही.

रूपांतरकाचे गणित जुने आहे. हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ साली त्याचा पाया घातला आणि क्लॉड शॅनन यांनी १९४९ साली ते सिद्धांतरूपाने मांडले. एखाद्या लहरीतील सर्वांत वरच्या कंपनसंख्येच्या दुपटीहून अधिक वेळा तिचे मोजमाप घेतले, तर त्या अंकांवरून मूळ लहर जशीच्या तशी उभी करता येते, असा त्याचा आशय. माणसाचा तरुण कान वीस हजार कंपनांपर्यंत ऐकतो. पन्नाशी ओलांडलेल्यास बारा-चौदा हजारांच्या वर फारसे काही उरत नाही. १९८२ साली सोनी व फिलिप्स या कंपन्यांची कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात आली, तेव्हा सेकंदाला ४४,१०० मोजमापे आणि प्रत्येक मोजमापाला १६ बिट असे प्रमाण ठरविण्यात आले, ते याच हिशेबाने.

त्या काळी रूपांतरकाची निवड हा खरोखरच कानांचा प्रश्न होता. सोनीच्या पहिल्या यंत्रात डाव्या व उजव्या बाजूंना मिळून एकच रूपांतरक होता. तो आळीपाळीने दोन्हीकडचे काम करी, आणि त्यामुळे एक बाजू दुसरीच्या मागे सेकंदाच्या सुमारे नव्वद हजाराव्या भागाइतकी पडे. फिलिप्सपाशी तर १६ बिटांचा रूपांतरकच तयार नव्हता. तिच्या अभियंत्यांनी १४ बिटांचा घेऊन त्याला चौपट वेगाने पळविले आणि उणीव गणिताने भरून काढली. दोन यंत्रे वेगळी वाजतात असे तेव्हाचा श्रोता म्हणे, त्यात तथ्य असण्यास जागा होती. आजच्या विक्रेत्याच्या तोंडी जी भाषा आहे ती त्या दिवसांची आहे. यंत्रे मात्र त्या दिवसांची राहिलेली नाहीत.

आज दहा-पंधरा हजारांच्या चांगल्या रूपांतरकाने केलेली विकृती शेकडा एक सहस्रांशाहूनही कमी असते. ज्या स्पीकरमधून ते संगीत शेवटी कानी पडते, तो चांगला म्हणावा असा असला तरी खालच्या स्वरांत शेकडा अर्धा ते एक इतकी विकृती सहज करतो. १६ बिटांत ९६ डेसिबेलचा पल्ला सामावतो. पंखा चालू असलेल्या शहरी खोलीत मुळातच चाळीस डेसिबेलच्या आसपास आवाज असतो. त्यावर हा सारा पल्ला वापरावयाचा तर गवयाचा आवाज कानाला इजा करील इतका चढवावा लागेल. २४ बिटांचा पल्ला कागदावर १४४ डेसिबेल भरतो. परंतु विद्युत्-मंडलांत उष्णतेमुळे जो मूलभूत खरखराट असतो त्यापुढे कोणाचेच चालत नाही, आणि अतिमहाग यंत्रेही वीस-एकवीस बिटांच्या पलीकडे प्रत्यक्षात जात नाहीत.

या विषयावर प्रयोग झालेले नाहीत असेही नव्हे. ई. ब्रॅड मेयर व डेव्हिड मोरन यांनी २००७ साली अमेरिकेतील ध्वनी-अभियंत्यांच्या संस्थेच्या नियतकालिकात आपला प्रयोग प्रसिद्ध केला. उच्च प्रतीच्या ध्वनिमुद्रणाच्या वाटेत त्यांनी साध्या सीडीच्या प्रमाणाचा एक अडथळा घातला आणि तो कधी आहे व कधी नाही हे श्रोत्यांस ओळखावयास सांगितले. ५५४ प्रयत्नांपैकी २७६ बरोबर आले. नाणे उडवूनही एवढेच आले असते. आवाज नेहमीच्या ऐकण्याहून खूप वाढविला तेव्हाच काय तो फरक जाणवला. दुसऱ्या बाजूचा पुरावाही सांगितला पाहिजे. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील जोशुआ राइस यांनी २०१६ साली अशा १८ प्रयोगांची एकत्र छाननी केली. बारा हजारांहून अधिक प्रयत्नांत बरोबर उत्तरांचे प्रमाण शेकडा ५२.३ भरले आणि प्रशिक्षित श्रोत्यांत ते अधिक होते. तेव्हा फरक मुळीच नाही असे ठामपणे म्हणता येणार नाही. मात्र ज्या फरकाबाबत शंभरांतून बावन्नच उत्तरे बरोबर येतात, त्यासाठी कन्येच्या उच्च शिक्षणाला पुरेल एवढी रक्कम मोजावी की काय, याचे उत्तर ध्वनिशास्त्राने देण्याजोगे नाही.

२०२२ साली तर या क्षेत्रात एक मोठीच फजिती झाली. मोबाइल फिडेलिटी ही अमेरिकी कंपनी जुन्या मूळ फितींवरून महागड्या लाँगप्ले तबकड्या काढते. डिजिटल तंत्राचा स्पर्शही न झालेला शुद्ध नाद म्हणून षौकीन त्या घेत आणि डिजिटलच्या तुलनेत त्यांची थोरवी वर्णन करीत. त्यांपैकी कित्येक तबकड्या २०११ पासून डिजिटल रूपांतराच्या पायरीवरून गेलेल्या आहेत, हे उघड झाले. ग्राहक न्यायालयात गेले, तडजोड झाली. परंतु जगातील सर्वांत चोखंदळ समजल्या जाणाऱ्या कानांना दहा-अकरा वर्षे त्या पायरीचा सुगावा लागला नव्हता. चांगला रूपांतरक आपले काम निमूटपणे करतो, याला यापेक्षा निःपक्षपाती साक्ष कोणती हवी?

मग दुकानात महाग यंत्र सरस का वाजते? बहुतेक वेळा ते किंचित मोठ्याने वाजते म्हणून. अर्ध्या डेसिबेलचा फरक आवाज वाढला असा वाटत नाही, तो अधिक स्पष्ट, अधिक भरदार झाला असा वाटतो. दोन यंत्रे जोखावयाची तर साध्या व्होल्टमापकाने दोहोंचे आवाज तंतोतंत एक करून, कोणते चालू आहे हे श्रोत्याला न कळू देता जोखावी. हे करू देणारा विक्रेता भेटल्यास त्याच्याकडूनच माल घ्यावा हे उत्तम. खऱ्या अर्थाने कानावर येणारा फरक खोलीचा व स्पीकरचा असतो. उघड्या भिंती आणि गुळगुळीत फरशी असलेल्या खोलीत तानपुऱ्याची जवारी एकमेकींवर आदळणाऱ्या प्रतिध्वनींत हरवते. डग्ग्याची घुमक शंभर हर्ट्झच्या आसपास आणि त्याखाली असते, ती लहान स्पीकरच्या आवाक्यातच नसते. जाड पडदे, जाजम आणि पुस्तकांनी भरलेले एक कपाट यांनी जे साधते ते पेटी बदलून साधत नाही. संगीतासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या हजारो रुपयांच्या इंटरनेटच्या तारांविषयी तर बोलावयासच नको. त्या तारेतून अंक जातात, आणि वाटेत गळालेला अंक पुन्हा मागवून घेण्याची व्यवस्था त्या जाळ्यात मुळापासून आहे.

तरीही रूपांतरकाच्या बाबतीत ग्राहकाची फसगत होते ती वेगळ्याच दाराने. ब्रिटनमधील मेरिडियन कंपनीचे एक संस्थापक बॉब स्टुअर्ट यांनी २०१४ साली एमक्यूए नावाची पद्धती जाहीर केली. स्टुडिओतील मूळ मुद्रण लहान आकारात, अस्सलपणाच्या हमीसह घरी पोहोचविण्याचा तिचा दावा होता. ती पूर्णपणे उलगडण्यास परवानाधारक रूपांतरक लागे. तो मिळाला म्हणजे यंत्रावर निळा दिवा लागे. पाठविण्यापूर्वी मूळ माहितीतील काही भाग गाळला जातो हे टीकाकारांनी दाखवून दिले, आणि स्कॉटलंडच्या लिनसारख्या प्रतिष्ठित कंपनीने या पद्धतीला उघड विरोध केला. तथापि टायडल या संगीतसेवेने २०१७ साली ती स्वीकारली, आणि परवान्याचे पैसे भरून दिवा बसविण्याची यंत्रनिर्मात्यांत अहमहमिका लागली. टायडल भारतात अनेक वर्षे अधिकृतपणे मिळतही नव्हती. त्या परवान्याचा भार उचलणाऱ्यांत भारतीय ग्राहक मात्र होता. २०२३ च्या एप्रिलमध्ये मूळ कंपनी दिवाळखोरीच्या व्यवस्थापनाखाली गेली, तिची मालमत्ता कॅनडातील दुसऱ्या कंपनीने घेतली, आणि २०२४ च्या जुलैत टायडलने एमक्यूएला निरोप देऊन फ्लॅक या मुक्त स्वरूपाचा अवलंब केला. फ्लॅक २००१ पासून कोणालाही विनामूल्य उपलब्ध होते. ॲपलने तर २०२१ मध्येच आपला सारा संग्रह अखंड स्वरूपात, जादा वर्गणी न घेता खुला केला होता. निळ्या दिव्यासाठी ज्यांनी यंत्रे बदलली त्यांच्या हाती दिवा राहिला.

रूपांतरकापेक्षा स्ट्रीमरची निवड अधिक जोखमीची आहे, याचे कारण या प्रकरणात दिसते. स्ट्रीमर हा पेटीच्या वेषातील संगणक आहे. त्याचे आयुष्य त्याच्या धातूवर अवलंबून नसून दूर कोठेतरी बसलेल्या कंपन्यांच्या मर्जीवर अवलंबून असते. सोनोसने २०२० च्या जानेवारीत जुन्या यंत्रांना यापुढे नव्या आज्ञावल्या मिळणार नाहीत असे जाहीर केले, तेव्हा एवढा गदारोळ उठला की कंपनीच्या प्रमुखाला क्षमा मागावी लागली. गूगलच्या क्रोमकास्ट ऑडिओ या छोट्या उपकरणाची विक्री २०१९ मध्ये थांबली. तरी ते घरोघर वाजत होते. २०२५ च्या मार्चमध्ये त्याच्या पोटातील एका डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपली आणि धडधाकट यंत्रे एका दिवसात मुकी झाली. कंपनीने दुरुस्ती पाठविली म्हणून ती पुन्हा बोलू लागली. ती पाठविण्याचे बंधन तिच्यावर होते काय?

याच्या उलट उदाहरण स्क्वीझबॉक्सचे आहे. लॉजिटेकने २०१२ मध्ये ही यंत्रे बंद केली आणि २०२४ मध्ये त्यांची मध्यवर्ती सेवाही थांबविली. पण त्यांना चालविणारी आज्ञावली मुक्त असल्यामुळे हौशी तंत्रज्ञांनी ती जिवंत ठेवली. आज ती लिरियन या नावाने चालते, आणि पंधरा-पंधरा वर्षांची ती यंत्रे तिच्या जोरावर अजून वाजतात. महागड्या निर्मात्यांचेही येथे श्रेय मान्य केले पाहिजे. लिनने २००७ साली आणलेल्या आपल्या पहिल्या स्ट्रीमरच्या मालकांस पुढे कित्येक वर्षे अंतर्गत भाग बदलून देण्याची सोय ठेवली. अधिक पैसे द्यावयाचेच असतील तर अशा बांधिलकीसाठी द्यावेत. रूपांतरक आणि स्ट्रीमर मात्र शक्यतो वेगवेगळे घ्यावेत. पहिला वीस वर्षे टिकेल, दुसरा पाच-सात वर्षांत बदलावा लागेल. दोघांना एकाच पेटीत कोंबले की दुसऱ्याबरोबर पहिलाही भंगारात जातो. आणि कोणतीही इंटरनेट-सेवा बंद असताना घरातील तबकडीवरच्या फाइली ते यंत्र वाजवू शकते काय, हा प्रश्न दुकानात सर्वांत आधी विचारावा.

मराठी रसिकाच्या दृष्टीने तर त्यात आणखी मेख आहे. या सेवांची सारी मांडणी गाणे, गायक आणि अल्बम या तीन कप्प्यांची आहे. राग, ताल, प्रहर, साथीदार, मैफलीचे साल यांना तेथे घरच नाही. मल्लिकार्जुन मन्सूर यांचे नाव घातले तर एकच मुद्रण चार मुखपृष्ठांखाली सापडते, आणि ते केव्हाचे, तबल्यावर कोण, याचा उल्लेख बहुधा नसतो. विलंबित आणि द्रुत यांच्या दोन वेगळ्या फाइली केलेल्या असतात. यंत्राला त्या सलग वाजविता येत नसतील तर ख्यालाचा चढत आलेला डाव ऐन सांध्यावर क्षणभर तुटतो. लाखाच्या यंत्रातही ही खोड असू शकते, आणि परीक्षणे लिहिणारे पाश्चात्य लेखक ख्याल ऐकत नसल्यामुळे तिचा गवगवा होत नाही. घरच्या फाइलींना आपल्या पद्धतीने रागवार, प्रहरवार नावे देता येतात, आणि ती वाचू शकणारी आज्ञावली हे यंत्राचे मोठेच मोल आहे.

शिवाय या संगीताचा ठेवा मुळात कोणत्या स्वरूपात आहे? अब्दुल करीम खाँ यांनी १९३० च्या दशकात ओडिअनसाठी दिलेल्या मुद्रिका ७८ फेऱ्यांच्या, एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटांच्या आहेत. गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर यांची जी भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली, तीही अशाच तबकडीवरची. लाखेच्या त्या तबकड्यांवर वरच्या कंपनसंख्या मुळी उतरलेल्याच नाहीत. त्यांवरून केलेली फाइल १९२ किलोहर्ट्झ म्हणून विकत घेतली, तर वाढीव अंकांत खरखरीखेरीज काही भरलेले नसते. त्या गायनाचे मोठेपण त्याने उणावत नाही. पन्नास लाखांच्या यंत्राची जाहिरात मात्र उणावते.

रूपांतराला निकड आहे ती दुसऱ्या, म्हणजे उलट्या दिशेने. सवाई गंधर्व महोत्सव १९५३ साली सुरू झाला. गावोगावची संगीत मंडळे, घरगुती मैफली, आकाशवाणीवरची रात्रीची संगीतसभा, हे सारे कोणीतरी स्पूलवर, पुढे कॅसेटवर उतरवून ठेवले. ते कोणत्याही सेवेच्या सूचीत नाही आणि येण्याची चिन्हेही नाहीत. कोकणातल्या आणि मुंबईच्या दमट हवेत त्या फितींवर बुरशी चढते, चुंबकीय थराला धरून ठेवणारा डिंक सुटतो, आणि त्या वाजविणारी यंत्रे व त्यांचे दुरुस्तीकार दोन्ही नाहीसे होत चालले आहेत. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी दप्तरखान्याने २०१५ सालीच चुंबकीय फितींसाठी २०२५ ही निर्वाणीची मुदत सांगितली होती. युनेस्कोनेही २०१९ मध्ये अशीच धोक्याची घंटा वाजविली. ती मुदत उलटून गेली आहे.

या कामात मात्र २४ बिट खरोखर उपयोगी पडतात. ऐकताना निरर्थक ठरणारा तो पल्ला मुद्रण उतरविताना पातळीची चूक सावरून घेतो. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची शिफारस किमान ४८ किलोहर्ट्झ व २४ बिटांची आहे. ९६ किलोहर्ट्झ हे प्रमाण व्यवहारात रूढ झाले आहे. त्यासाठी लागणारे उलट रूपांतरक यंत्र दहा-वीस हजारांत उत्तम मिळते. खरा खर्च चालू स्थितीतल्या चांगल्या कॅसेट-यंत्राचा आणि जाणकाराच्या वेळेचा. प्रत्येक कॅसेट वेगळ्या यंत्रावर भरलेली असते, म्हणून तिच्यासाठी हेडचा कोन एका बारीक स्क्रूने नव्याने जुळवावा लागतो. तो जुळला की दबलेला वरचा स्वर एकदम उघडतो. हा फरक ओळखण्यास प्रशिक्षित कान लागत नाहीत. बुरशी आलेली फीत साफ केल्याखेरीज वाजवू नये. ती हेड बिघडविते आणि पुढच्या फितीलाही लागते. काही विशिष्ट बनावटीच्या फिती मंद उष्णतेत काही तास शेकाव्या लागतात, आणि ते काम घरच्या भट्टीत करण्याजोगे नाही. तयार झालेली फाइल फ्लॅकमध्ये, दोन वेगळ्या जागी ठेवावी. ती घरात जतन करणे निराळे आणि जगासाठी खुली करणे निराळे. कलावंतांचे व त्यांच्या वारसांचे हक्क आहेत, आणि त्यांना विचारल्याखेरीज दुसरे पाऊल उचलू नये.

घाई करावयाची आणखी एक बाब आहे. अशा कॅसेटीच्या वेष्टनावर बहुधा एखाद्या रागाचे नाव आणि महिना एवढेच लिहिलेले असते. हार्मोनियमवर कोण होते, मैफल कोणाच्या घरी झाली, चीज कोणत्या परंपरेची, हे ओळखू शकणारे श्रोते आज ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांच्यापुढे फीत वाजवून ते सांगतील ते फाइलीच्या नोंदीत भरण्यास दोन-चार संध्याकाळी पुरतात, आणि त्यासाठी घरात असलेला जुना ॲम्प्लिफायर चालतो.